तिसऱ्या घंटेच्या आधी

नाटकाच्या धंद्यात सगळ्यात महाग काय, असं विचारलं तर बाहेरचा माणूस नटाचं मानधन म्हणेल. निर्माता म्हणेल, तारीख. शनिवारी रात्रीची, रविवारी दुपारची तारीख. आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत ही तारीख महापालिकेच्या हातात असते, कारण शेकड्यांनी खुर्च्या असलेलं नाट्यगृह बांधणं आणि वर्षानुवर्षं तोट्यात चालवणं दुसऱ्या कुणाला परवडत नाही. पुण्याचं बालगंधर्व, ठाण्याचं गडकरी रंगायतन, पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, वाशीचं विष्णुदास भावे, नाशिकचं कालिदास, सगळी पालिकांची. मराठी नाटकाचा टेम्पो दौऱ्यावर निघतो तो एका पालिकेच्या दारातून दुसऱ्या पालिकेच्या दारात जायला.

अशाच एका पालिकेच्या नाट्यगृहाची मी व्यवस्थापक होते. मिळकतकर विभागातून २००९ साली तिथे बदली झाली आणि मधला थोडा काळ सोडला तर निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. शहराचं नाव लिहीत नाही. जे सांगायचं आहे ते पुष्कळ शहरांत तसंच आहे, आणि एका गावाचं नाव घेतलं की बाकीची गावं निवांत होतात. पालिकेने कलेला मदत करावी असं सगळेच म्हणतात. त्या मदतीचं रूप कसं असावं याबद्दल माझं मत त्या कार्यालयात बसून पक्कं झालं: पालिकेने कलावंताला जागा द्यावी, ती चालू स्थितीत द्यावी, आणि कबूल केलेल्या दिवशी द्यावी. एवढं झालं तर पुढचं कलावंत बघून घेतात.

दर तीन महिन्यांनी माझ्या टेबलावर अर्जांचे गठ्ठे यायचे. नाटकाच्या निर्मात्यांचे, ऑर्केस्ट्रावाल्यांचे, लावणीच्या पार्ट्यांचे, शाळांच्या स्नेहसंमेलनांचे, भरतनाट्यम आणि कथकच्या क्लासचे, पतसंस्थांच्या वार्षिक सभांचे, पक्षांच्या मेळाव्यांचे. दिवसाची सत्रं तीन. डिसेंबर-जानेवारीत सकाळ आणि दुपार शाळांची. नोकरदार प्रेक्षक येतो तो शनिवार-रविवारी, त्यामुळे खरी ओढाताण या दोन दिवसांची. मी आले तेव्हा तारखांचं रजिस्टर कपाटात असायचं आणि कपाटाची किल्ली कारकुनाकडे. ज्याची ओळख त्याला रविवार. त्यातून एक वेगळाच व्यवहार सुरू झाला होता. कुठल्याशा मंडळाच्या नावावर चांगल्या तारखा घेऊन ठेवायच्या आणि दिवस जवळ आला की अडलेल्या निर्मात्याकडून वरचे पैसे घेऊन त्या सोडायच्या. तारीख विकणं म्हणतात ते हेच. पावती मंडळाच्या नावाची, प्रयोग भलत्याचाच, आणि पालिकेच्या तिजोरीत तेवढंच ठरलेलं भाडं.

मी उपायुक्तांकडे टिपणी पाठवली. वाटप झालेली पूर्ण यादी संस्थेच्या नावासह बुकिंग खिडकीशेजारच्या फळ्यावर लागेल. सोडलेली तारीख पालिकेकडे परत येईल आणि प्रतीक्षायादीतल्या पुढच्या संस्थेला जाईल. परस्पर कुणी कुणाला तारीख देणार नाही, दिली तर पुढच्या तिमाहीत त्या संस्थेचा अर्ज विचारात घेतला जाणार नाही. टिपणीवर बरेच दिवस काही हाललं नाही, मग एकदाची सही झाली. पहिली यादी फळ्यावर लागली त्या दिवशी खिडकीपाशी गर्दी झाली. लोक दुसऱ्यांची नावं वाचत होते. वर्षानुवर्षं अर्ज करणारी काही मंडळं पुढच्या वेळी आलीच नाहीत, आणि ज्यांना कधी रविवार मिळाला नव्हता अशा दोन हौशी संस्थांना तो मिळाला. या सगळ्याला पालिकेचा खर्च आला तो फळा आणि खडू यांचा.

दुसरं दुखणं तारीख रद्द होण्याचं. भाड्याच्या पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते, प्रशासनाला कोणत्याही वेळी आरक्षण रद्द करण्याचा अधिकार आहे अशी. एका नाटकाचा प्लॅन लागला होता, पुढच्या रांगा विकल्या गेल्या होत्या, पेपरात जाहिरात आली होती, आणि आदल्या संध्याकाळी वरून निरोप आला की उद्या दुपारी सरकारी कार्यक्रम आहे, सभागृह मोकळं करा. निर्मात्याला मी फोन केला तेव्हा टेम्पो निघालेला होता. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, नटांनी दुसऱ्या प्रयोगाची तारीख सोडून मला ही दिली होती. त्यांना काय सांगू?" भाडं आणि अनामत आम्ही परत केली. जाहिरात, टेम्पो, बस, तिकिटं परत करायला आलेले प्रेक्षक आणि पुन्हा न येणारे प्रेक्षक, याचं पालिकेच्या हिशोबात कुठलंच लेखाशीर्ष नाही.

त्यानंतर नियम बदलून घ्यायला मला दोन आयुक्त लागले. दुसरे साहेब नाटक बघणारे नव्हते, पण आकडा समजणारे होते. रद्द झालेल्या सत्रांची आणि त्यानंतर आमच्याकडे फिरकेनाशा झालेल्या निर्मात्यांची यादी मी त्यांच्यापुढे ठेवली. प्लॅन लागल्यानंतर आरक्षण रद्द होणार नाही, आणि अगदीच करावं लागलं तर जाहिरातीचा खर्च पालिका देईल, असा आदेश निघाला. गंमत अशी की खर्च द्यावा लागेल हे कागदावर आल्यापासून तशी निकड कुणाला फारशी भासली नाही. कलेला आश्रय म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे शाल, श्रीफळ, पुरस्कार येतात. माझ्या डोळ्यांपुढे तो दोन परिच्छेदांचा आदेश येतो.

आता थोडं कायद्याबद्दल, कारण पुष्कळ गोष्टींचं मूळ तिथे आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चा. त्यातल्या कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक कामं आहेत: पाणी, मैला, रस्ते, दिवे, दहन-दफनाची व्यवस्था. कलम ६६ मध्ये पालिकेने स्वेच्छेने करायची कामं. नाट्यगृहासारख्या गोष्टी या दुसऱ्या यादीत बसतात. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि बाराव्या अनुसूचीत शहरांकडे सोपवण्यासारखे १८ विषय आले. त्यातला तेरावा सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देण्याचा. म्हणजे राज्यघटनेने हे काम शहराचं मानलं आहे, पण रोजच्या कारभारात ते ऐच्छिकच राहिलं. हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिली कात्री ऐच्छिक खर्चाला लागते. वर्षाच्या शेवटी आमच्या दुरुस्तीचे पैसे वर्गीकरणाने दुसऱ्या कामाकडे वळवलेले मी स्वतः पाहिले आहेत. वळवणाऱ्यांनी कायदा मोडला नव्हता.

त्यात भांडवली आणि महसुली खर्चाचा फरक. नवं नाट्यगृह बांधायचं तर पैसे उभे राहतात. त्याचं भूमिपूजन होतं, कोनशिला बसते. बांधलेल्या नाट्यगृहाचा जळालेला डिमर बदलायचा तर कोनशिला बसत नाही. आमच्याकडे स्थापत्याचं काम एका विभागाकडे, विजेचं दुसऱ्याकडे, वातानुकूलनाचं ठेकेदाराकडे, सफाई आरोग्य विभागाकडे. रंगमंचावरचा एक बॅटन अडकला तर तो कुणाचा, हे ठरेपर्यंत तीन प्रयोग व्हायचे. शेवटी व्यवस्थापकाच्या हाताशी थोडी रक्कम असावी, तिचा हिशोब महिन्याच्या महिन्याला द्यावा, अशी मंजुरी मिळवली. दिवे, दोऱ्या, फ्यूज, नळाचे वायसर, मेकअप रूममधले बल्ब या गोष्टी त्या दिवसापासून त्याच दिवशी मिळू लागल्या. पालिकेच्या कारभारात मी पाहिलेल्या सुधारणांत सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली ही एक, आणि तिची बातमी कुठल्याच पेपरात आली नाही.

बांधतानाच नाटकवाल्यांना विचारलं तर पुढचा बराच त्रास वाचतो. बालगंधर्व रंगमंदिराची पायाभरणी १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हातून झाली, १९६८ साली ते उघडलं, आणि त्याच्या उभारणीत पु. ल. देशपांडे यांचं लक्ष होतं. पुढे कधीतरी ते पाडून नवं बांधायचा प्रस्ताव निघाला तेव्हा पुण्यात जी खळबळ झाली, ती त्या वास्तूला लोकांनी आपलं मानलं होतं म्हणून. याउलट काही नव्या नाट्यगृहांत मी गेले आहे जिथे मागच्या दारातून सेटचा फ्लॅट आडवा करूनही आत जात नाही. विंगांत दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. बाहेर मात्र काचेचा दर्शनी भाग आणि कारंजं. आराखड्याच्या बैठकीत एखाद्या नेपथ्यकाराला आणि एखाद्या जुन्या रंगमंच कामगाराला खुर्ची दिली असती तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. मी तेव्हा निवृत्त होऊन घरी होते. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी खासबाग मैदानाला लागून उभं केलेलं, १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं हे नाट्यगृह, पुढे पालिकेच्या ताब्यात आलेलं. टीव्हीवर ज्वाळा दिसत होत्या आणि कोल्हापूरचे कलावंत रस्त्यावर उभे राहून रडत होते. मला त्या रात्री झोप लागली नाही. आमच्याकडचे जुने मखमली पडदे, स्टेजखाली साठलेलं लाकूडसामान, अनेकदा जोडलेल्या वायरी, त्यासाठी पाठवलेली पत्रं आणि स्मरणपत्रं, सगळं आठवत राहिलं. शंभर वर्षांत साठलेलं काहीतरी एका रात्रीत जातं, आणि मग पुन्हा बांधायला पैसे जाहीर होतात. ते व्हायलाच हवेत. पण पडद्यांना आगरोधक प्रक्रिया करणं, वायरिंग वेळेवर बदलणं, स्टेजखालचं सामान दर वर्षी काढून टाकणं याची तरतूद प्रत्येक पालिकेच्या अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीवर असली पाहिजे, आणि ती ओळ वर्गीकरणाने कुणाला हलवता येऊ नये.

नाट्यगृहाच्या बाहेरचं एक काम मात्र मला सगळ्यात जवळचं. हौशी मुलांचे गट माझ्याकडे यायचे ते तारखेसाठी, पण बोलता बोलता कळायचं की त्यांना खरी गरज तालमीच्या जागेची आहे. एकांकिकेचा प्रयोग होतो पाऊण तास, तालीम चालते दीड-दोन महिने. कुणी सोसायटीच्या गच्चीवर तालीम करायचं, वरच्या मजल्यावरचे तक्रार करायचे. कुणी देवळाच्या सभामंडपात, आरतीच्या वेळी थांबायचं. कुणी पार्किंगमध्ये, स्कूटरच्या दिव्यावर. आणि त्याच वेळी पालिकेच्या शाळांचे हॉल संध्याकाळी साडेपाचनंतर कुलपात. प्रत्येक प्रभागात एक तरी शाळा, एक तरी हॉल, सगळे पालिकेचेच.

मी प्रस्ताव दिला तेव्हा शिक्षण विभागाचे आक्षेप रास्त होते. वीजबिल कुणी भरायचं? शिपायाला रात्री दहापर्यंत कोण थांबवणार? बाकं मोडली तर? मुलींची शाळा आहे, बाहेरची मुलं येणार. एकेक आक्षेप घेऊन आम्ही बसलो. नाममात्र शुल्क ठेवलं. शिपायाचा जादा वेळेचा भत्ता त्या शुल्कातून. गटाने सगळ्यांची नावं आधी द्यायची, जाताना हॉल झाडून बाकं जिथल्या तिथे लावायची. आधी दोनच शाळा घेतल्या. पहिल्या वर्षी एका हॉलमध्ये एकांकिकेचा गट, दुसऱ्यात आठवड्यातून दोनदा भजनी मंडळ आणि उरलेल्या दिवशी एक शाहिरी पथक. त्यातल्या एका शाळेचे शिपाईमामा सुरुवातीला फार कुरकुरायचे. पुढे तेच मला फोन करून सांगू लागले, "मॅडम, पोरांचा शेवटचा प्रवेश अजून ढिला आहे."

शाळेलगतच्या वस्तीतली मुलं खिडकीच्या गजांना लटकून तालीम बघायची. त्यांतली काही शाळेतलीच. बाईंनी त्या गटाला विचारलं, आमचं स्नेहसंमेलन बसवून द्याल का? त्यांनी दिलं. अंदाजपत्रकातून शाळेत नाट्यशिक्षक नेमायचा म्हटलं तर पदनिर्मिती, बिंदुनामावली, शासनाची मान्यता या वाटेने आम्ही अजून चालतच असतो. इथे मुलांना नाटक मिळालं ते एक कुलूप संध्याकाळी उघडलं म्हणून. पालिकांकडे पैसा कमी असेल, पण हॉल, वर्गखोल्या, समाजमंदिरं, वापरात नसलेली मंडई, बंद पडलेल्या शाळा, अशी जागा पुष्कळ आहे. कलावंत ज्यासाठी सगळ्यात जास्त तळमळतो ती गोष्ट पालिकेकडे आधीपासूनच आहे, यावर माझा अजूनही सगळ्यात जास्त जोर आहे.

रंगपटाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. लावणीच्या पार्ट्या आमच्याकडे यायच्या. एका दुपारच्या कार्यक्रमाला मी आत गेले तर नऊवारी नेसलेल्या बाया एका खोलीत दाटीवाटीने बसलेल्या, एकीचं लहान बाळ पेटीवर झोपलेलं, आणि बायकांच्या स्वच्छतागृहाचं दार तुटलेलं म्हणून बाहेर एक मुलगी पहाऱ्याला उभी. पार्टीतल्या थोरल्या अक्का म्हणाल्या, "बाई, आम्हाला टाळ्या मिळतात, कडी मिळत नाही." दार दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालं. नंतर एक साठवणीची खोली रिकामी करून तिथे पाळणा, पंखा, आरसे आणि आतून लागणारी कडी, असा दुसरा रंगपट केला. नाटकातल्या नट्याही पुढे तोच मागू लागल्या. लोककलावंतांना मान द्या अशी भाषणं त्याच रंगमंचावरून मी ऐकलेली आहेत. ज्या शहराच्या नाट्यगृहात बायकांना कपडे बदलायला सुरक्षित खोली नाही, त्या शहराने तो मान दिलेला नाही.

पालिकेने काय करू नये, हेही सांगते. तिने मजकुरात पडू नये. एकदा एका नाटकाच्या विरोधात फोन येऊ लागले, मग कार्यालयात माणसं आली, मग आतूनच कुणीतरी सुचवलं की एसी बंद आहे असं सांगून प्रयोग पुढे ढकला. मी म्हटलं, नाटकाला रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे, भाडं भरलेलं आहे, तारीख फळ्यावर आहे. प्रयोग थांबवायचा असेल तर लेखी आदेश द्या. बंदोबस्तासाठी मी पोलिसांना पत्र दिलं. लेखी आदेश आला नाही, प्रयोग झाला. त्या दिवशी मला धीर दिला तो नियमांनी. नियम स्पष्ट असले की साध्या कर्मचाऱ्यालाही कलावंताच्या बाजूने उभं राहता येतं.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे नाट्यगृह बंद झालं. ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, निम्म्या खुर्च्यांवर परवानगी मिळाली, पुढे पुन्हा बंद आणि मग २२ ऑक्टोबर २०२१ ला दारं उघडली. निम्म्या खुर्च्या आणि पूर्ण भाडं हे गणित कुणालाच जमणारं नव्हतं. आमच्या पालिकेने भाडं निम्म्यावर आणलं आणि त्यामुळे काही संस्था तरी उभ्या राहिल्या. रंगमंच कामगारांसाठी मात्र आमच्याकडे करण्यासारखं काही नव्हतं, कारण सेट लावणारी, पडदा ओढणारी, दिवे सांभाळणारी माणसं पालिकेच्या कुठल्याच यादीत नव्हती. भाजी विकायला लागलेला एक प्रकाशयोजनेतला जुना माणूस मला मंडईत भेटला. शहरातल्या रंगमंच कामगारांची नोंदणी पालिकेने करावी, ओळखपत्र आणि विमा द्यावा, हा माझा शेवटचा प्रस्ताव. निवृत्तीच्या वेळी तो प्रलंबित होता.

नाट्यगृह तोट्यात आहे, असा शेरा लेखापरीक्षणात दर वर्षी यायचा. मी दर वर्षी एकच उत्तर लिहायचे: बागेने, वाचनालयाने, खेळाच्या मैदानाने नफा कमवावा असं कुणी म्हणत नाही. भाडं वाढवलं की तिकीट वाढतं, तिकीट वाढलं की शेवटच्या रांगेतलं कुटुंब आधी गळतं, आणि नवोदितांचा गट तर दाराशीही येत नाही. आठवड्यातल्या मंगळवार-बुधवारची रिकामी सत्रं आम्ही प्रायोगिक गटांना चौथ्या हिश्श्याच्या भाड्यात दिली. ती एरवी रिकामीच राहायची, त्यामुळे उत्पन्न घटलं नाही, थोडं वाढलंच. मोठा महोत्सव करायचा तर जरूर करावा, पण तीन दिवसांच्या मांडवाआधी वर्षभर चालणारी ही सत्रं, हे हॉल, ही दुरुस्ती यांचे पैसे बाजूला काढलेले असावेत. माझ्या मते क्रम हाच असावा.

तुमच्या पालिकेचं पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक आर्थिक वर्ष संपण्याआधीच्या महिन्यांत मांडलं जातं. ते पालिकेच्या कार्यालयात बघायला मिळतं, बऱ्याच ठिकाणी संकेतस्थळावरही असतं. त्यात नाट्यगृहाच्या देखभालीची ओळ शोधा. गेल्या वर्षी किती तरतूद होती आणि प्रत्यक्षात किती खर्च झाला, हे दोन्ही आकडे बघा. तुमच्या प्रभागातल्या पालिकेच्या शाळेचा हॉल संध्याकाळी तालमीला मिळतो का, हे विचारा. नगरसेवकाला तोंडी सांगून थांबू नका. आयुक्तांच्या नावे एका पानाचं पत्र लिहा, प्रभाग कार्यालयात द्या आणि पोच घ्या. पोच असलेल्या पत्राला उत्तर मागता येतं.